अकरा पावसाळे प्यालेला मॅसी

थोरल्या भावाचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर अकरा वर्षं गोठ्यामागच्या चिंचेखाली उभा होता. भाऊ गेला, दारात नवा ट्रॅक्टर आला आणि याच्या सीटवर कोंबड्या बसायला लागल्या. मी एसटीच्या डेपोत आयुष्यभर पाना चालवून आता फलटणजवळच्या वस्तीवर असतो. पत्र्याची शेड आहे, व्हाइस आहे, एक चेनपुली आहे. यंदा पुतण्याच्या मनात आलं, ट्रॅक्टर चालू करायचा. आला तो हातात साखळी घेऊनच. "नाना, टोचन लावू, तिसऱ्याला टाकू, दोनशे फुटांत धरतंय बघा."

साखळी मी आधी काढून घेतली. तुमच्याकडे असा ट्रॅक्टर असेल तर तुम्हीही तेच करा. या मॅसीचा सायलेन्सर बॉनेटमधून सरळ आभाळाकडे बघतो. वर झाकण नसलं की पावसाचं पाणी नळीतून मॅनिफोल्डमध्ये उतरतं, आणि इंजिन बंद पडताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात जाऊन बसतं. पाणी दाबलं जात नाही. टोचन देऊन, म्हणजे साखळीने ओढून, फिरवलं की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी आटून नुसता गंज राहिला असला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, चरे पडतात. दोनशे फुटांची घाई थेट क्रँकपर्यंत जाते.

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक काढा आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर ताडून बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. नंबर जुळत नसेल तर आधी तो घोळ निस्तरा, ट्रॅक्टरवर खर्च नंतर.

मग चाकांना दगड लावा, बॅटरी असेल तर काढा आणि तेलं बघा. सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट पूर्ण काढू नका, अर्धा ढिला करून थांबा. पाणी तळाला बसलेलं असतं, ते आधी येतं. आमच्याकडे तांब्याभर गढूळ पाणी आलं, मग डांबरासारखं ऑइल. मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टचं तेल वेगळं नसतं, ते गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगच्या पोटातलंच. गिअर लिव्हरचा रबरी बूट फाटला की तिथूनही पाऊस आत जातो. ते तेल निघालं ते ताकासारखं पांढरट. एअर क्लीनरच्या वाटीत तेलाऐवजी उंदराचं घरटं होतं, आत कापूस आणि आमच्याच पोत्याची सुतळी.

या मॉडेलचं एक बरं आहे. १०३५ हा इंग्लंडच्या मॅसी फर्ग्युसन ३५ चा वंशज. टॅफे कंपनीने तो आपल्याकडे घरोघरी नेला. इंजिन पर्किन्सच्या बनावटीचं, तीन सिलिंडर, चेन्नईच्या सिम्प्सनचं. त्यामुळे सामान तालुक्याच्या गावीही मिळतं, आणि याचं इंजिन न उघडलेला मिस्त्री सापडणं कठीण.

इंजिन फिरतं का हे बघायला नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे, काढून घ्या. प्रत्येक नोझल दोन नटांवर बसलेलं असतं. नट काढूनही हललं नाही तर ठोकू नका, रात्रभर डिझेल सोडून ठेवा. भोकात तांब्याचा जुना वॉशर राहिला नाही ना, टॉर्च मारून बघा. राहिला आणि त्यावर नवा घातला तर नोझल वर राहतं आणि बाजूने गॅस मारतं.

आमचं इंजिन जाम होतं, म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. एक आणि दोन नंबर नुसते काळे. तीन नंबरच्या बोअरमध्ये पिस्टनच्या वर दोन बोटं रुंद गंजाचं कडं, विटेच्या रंगाचं. हे कडं आधी साफ करायचं, कारण पिस्टन वर सरकला की रिंग त्यातच अडकणार. चारशे नंबरचा एमरी पेपर डिझेलमध्ये बुडवून बोअरमध्ये गोल गोल फिरवला आणि निघालेला चिखल फडक्याने टिपून घेतला. मग डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल अर्धं अर्धं मिसळून पिस्टनवर ओतलं. रोज संध्याकाळी बघायचं, उतरलं असेल तेवढं पुन्हा भरायचं. तेल उतरतंय म्हणजे रिंगांपर्यंत पोचतंय.

स्टार्टर काढला की त्या भोकातून फ्लायव्हीलचे दात दिसतात. एका दातावर मी खडूची खूण केली आणि समोर हाउसिंगवर दुसरी. बाभळीचा ठोकळा बोअरपेक्षा जरा बारीक, साधारण ८५ मिलिमीटरचा, तासून घेतला. ठोकळा पिस्टनवर उभा ठेवून दोन पौंडी हातोडा त्याच्या स्वतःच्या वजनाने पडू द्यायचा, वर हाताचा जोर नाही. दहा ठोके, मग पहारीने फ्लायव्हीलच्या दातावर हलका जोर, मग घरी जायचं. सहा दिवस खूण जागची हलली नाही. पुतण्या रोज विचारायचा, "नाना, साखळी आणू?" सातव्या दिवशी खडूची रेघ दीड दात सरकली. इथे माणूस हमखास चुकतो. सुटलं म्हणून पुढे रेटू नका. दीड दात पुढे, दीड दात मागे, वर तेल, परत दोन दात. पूर्ण फेरा व्हायला दुपार गेली.

सम्प उतरवून पिस्टन वरून काढले. तीन नंबरच्या लायनरवर नख अडकेल एवढे खड्डे होते. नख अडकलं की लायनर बदलायचा, त्यात विचार करू नका. याचे लायनर ड्राय, म्हणजे बाहेरून पाणी न लागणारे, प्रेसने बसतात. ते काम मशीन शॉपचं, घरी हातोड्याने करायचं नाही. हेड फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंगला त्याच फेरीत दिलं. परत बसवताना हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट थंड इंजिनवर १२ थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश.

डिझेलच्या बाजूला टाकी उतरवून धुतली. तळाला गूळ वाटावा असा गाळ होता. फीड पंपाचा डायफ्राम आणि दोन्ही फिल्टर नवे. नोझलला दाबाने डिझेल पुरवणारा मोठा पंप मात्र मी उघडत नाही. एसटीतही तो आमच्या हातचा नव्हता. पंप-नोझलवाल्याकडे टेस्ट बेंच असतो, त्याला दोन्ही द्या. परत बसवल्यावर नोझल कसं फवारतं हे बघायला हात पुढे करू नका. तो फवारा कातडीतून आत घुसतो आणि बोट कापायची वेळ येते.

आता डिझेलच्या नळ्यांतली एअर काढायची. फीड पंपाची कांडी हाताने मारत आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करा. फेस बंद होऊन सलग डिझेल आलं की आवळा. मग पंपावरचे दोन्ही स्क्रू, एकेक करून. शेवटी नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारा आणि थेंब उडायला लागले की आवळा. हे काम अर्ध्या तासाचं. मला अख्खी दुपार लागली. फेस थांबेचना. शेवटी फिल्टर पुन्हा खोलला तर जुना रबरी रिंग खाचेतच चिकटलेला, आणि मी त्याच्यावर नवा बसवलेला. तीस वर्षांची नोकरी आणि ही चूक. पुतण्या काही बोलला नाही, नुसता चहा घेऊन आला.

रेडिएटर उलट बाजूने पाणी मारून धुवा, होजपाइप नवे घाला. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असेल तर जोड मारत बसू नका, नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार संच, टाका.

चालू करण्याआधी बंद करायची नॉब ओढून ठेवा आणि ऑइल गेजचा काटा हलेपर्यंत सेल्फ मारा, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून. दुसरी तयारी त्याहून महत्त्वाची. बराच काळ पडून राहिलेल्या डिझेल इंजिनाचा पंप अडकला तर इंजिन आपोआप वेग घेत जातं आणि नॉब ओढली तरी थांबत नाही. म्हणून एअर क्लीनरची नळी काढून ठेवायची आणि एका माणसाने हातात जाड फळी धरून हवेच्या तोंडापाशी उभं राहायचं. हवा तुटली की इंजिन मरतं. फडकं किंवा हात लावायचा नाही, आत ओढला जातो. आमच्याकडे वहिनी भाकरीचं पोळपाट घेऊन उभ्या राहिल्या. गरज पडली नाही. आधी पांढरा धूर, मग दोन सिलिंडरवर खडखडाट, मग तिसरा लागला.

क्लच मात्र गंजून चिकटला होता. इंजिन गरम करायचं, मोकळ्या रानात वरच्या गिअरला चालवत क्लच पूर्ण दाबायचा, अॅक्सिलरेटर कमी-जास्त करायचा आणि ब्रेक मारायचा. समोर शंभर फूट कुणी नको. आमचा तिसऱ्या झटक्याला सुटला. सुटला नाही तर ट्रॅक्टर मधून तोडावा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे, लागतो, आणि त्याला घरची चेनपुली पुरत नाही. लिफ्ट तपासताना वजन वर असेल तेव्हा खाली ठोकळा ठेवल्याशिवाय हात घालू नका.

रंग सगळ्यात शेवटी. पुतण्याला लाल रंग पहिल्या दिवशीच मारायचा होता. ऑइल कुठून गळतं ते रंग नसलेल्या लोखंडावर लगेच दिसतं, म्हणून महिनाभर तसाच चालवला. पहिले पन्नास तास नांगर नाही, हलकी ट्रॉली. मग ऑइल बदल, हेड पुन्हा आवळणं, टॅपेट पुन्हा बघणं.

सायलेन्सरवर आता पेंटचा रिकामा डबा पालथा असतो. परवा पुतण्या तो काढायला विसरला आणि सेल्फ मारला. डबा गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन पडला, म्हशीने दावं तोडलं.