मांजराची निगा आणि मनाची स्वस्थता

मांजर पाळल्याने मन शांत होते, असे पुष्कळ लोक सांगतात. पण ते मांडीवर येऊन बसले की स्वस्थता आपोआप येईल, हा समज पहिल्या महिन्याभरातच मोडतो, कारण मांजर स्वतःच्या सोयीनेच जवळ येते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या घरात बाळ्या नावाचा बोका सांभाळताना मला आलेला अनुभव असा, की स्वस्थता त्याच्या निगेतल्या ठरावीक, रोजच्या कामांतून लाभते. म्हणून सुरुवात लाडापासून न करता वेळ ठरवण्यापासून करावी.

मांजर हे मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला सावध असते व दिवसाचे बारा ते सोळा तास झोपते, त्यामुळे लोकल पकडून मुंबईला नोकरीस जाणाऱ्या माणसालाही त्याच्या वेळा सांभाळता येतात. सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी आणि संध्याकाळी परतल्यावर दहा मिनिटे खेळ आणि लगेच खाणे, हा क्रम शक्यतो मोडू नये. खेळण्यासाठी काठीला बांधलेली जुन्या ओढणीची पट्टी पुरते. ती मांजराच्या तोंडासमोर न नाचवता, भक्ष्य पळावे तशी त्याच्यापासून दूर, सोफ्याआड किंवा दाराआड ओढत न्यावी आणि शेवटी त्याला पकडू द्यावी. शिकार करणे, खाणे, अंग चाटणे आणि झोपणे हा त्याचा स्वाभाविक क्रम असल्यामुळे, खेळून जेवलेले मांजर मध्यरात्री सहसा दार खरवडत नाही. त्या दहा मिनिटांत मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वांत जास्त लक्ष मात्र लिटर बॉक्सकडे, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी माती घालून ठेवलेल्या डब्याकडे, द्यावे. मांजरे जितकी, त्याहून एक बॉक्स अधिक असावा, असे डॉक्टर सांगतात; लहान फ्लॅटमध्ये ते जमत नसेल, तर निदान तो दिवसातून दोनदा साफ करावा आणि खाण्याच्या भांड्यापासून लांब ठेवावा. बॉक्समध्ये घालायची बेंटोनाइटची, म्हणजे ओल शोषून घेणारी, माती लघवीने गोळा धरते. मी सकाळी पाट घेऊन बॉक्सजवळ बसते, जाळीदार स्कूपने माती सावकाश चाळते आणि गोळे मोजते. निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात. त्यांचा आकार नेहमीपेक्षा फार मोठा झाला किंवा सुपारीएवढे बारीक गोळे बरेच निघू लागले, तरी त्याची नोंद घ्यावी.

हे मोजणे मी एका पावसाळ्यात, घरी पाहुणे असताना, एक दिवस सोडून दिले. बाळ्या पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन बसत होता आणि त्याला बद्धकोष्ठ झाले असेल, अशी मी समजूत करून घेतली. रात्री तो ओकू लागला तेव्हा डॉक्टरांकडे धावावे लागले. मूत्रमार्ग बंद झाला होता आणि नळी घालून तो मोकळा करावा लागला. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे असे घडते आणि एक-दोन दिवसांत ते जिवावर बेतू शकते, हे बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. तेव्हापासून मी एकही सकाळ चुकवलेली नाही. मोजताना मन दुसरीकडे भरकटू शकत नाही, आणि दिवसभरात मला जी काही स्वस्थता मिळते, तिचा आरंभ याच पाच मिनिटांत होतो.

खाण्याचे थोडक्यात सांगते. मांजर पूर्ण मांसाहारी आहे आणि त्याला टॉरिन हा घटक मांसातूनच मिळतो, म्हणून दूध-भातावर त्याला ठेवू नये. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. कांदा-लसूण घातलेल्या रश्श्यातला मासा कधीही देऊ नये. नुसते ड्राय फूड न देता ओले अन्नही द्यावे, कारण मांजर मुळातच पाणी कमी पिते. एक पूर्ण दिवस त्याने तोंडात काही घातले नाही, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

आपल्याकडे फरशी फिनाईलने पुसण्याची सवय घट्ट असते. पण मांजर पंजे चाटते आणि त्याच्या यकृताला असे पदार्थ नीट निकामी करता येत नाहीत. कोमट पाण्यात किंचित सौम्य साबण घालून फरशी पुसावी आणि पुन्हा साध्या पाण्याने पुसून घ्यावी. लिलीची फुले घरात आणूच नयेत, कारण त्यांचे परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर मांजर आणण्यापूर्वी प्रत्येक खिडकीला आणि गॅलरीला घट्ट जाळी बसवून घ्यावी. मांजराला तोल उत्तम सांभाळता येतो, या भरवशावर राहू नये. कबुतरामागे झेप घेताना त्याला उंचीचे भान राहत नाही.

जवळीक मात्र त्याच्यावर सोपवावी. समोर बसून डोळे अर्धवट मिटावेत, सावकाश उघडावेत आणि हात पुढे करू नये. 2020 साली ब्रिटनमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी असे दाखवले, की माणसाने अशी सावकाश उघडझाप केली, तर मांजरेही तशीच करतात आणि अनोळखी माणसाजवळ यायलाही अधिक तयार होतात. थकून घरी आल्यावर मी आधी हेच करते. डोळे सावकाश मिटायचे म्हटले, की श्वासही आपोआप संथ होतो.

गणपतीला गावी जाताना मांजराला प्रवासात नेऊ नये, कारण अनोळखी जागा त्याला फार त्रासदायक वाटते. आमच्या शेजारच्या वहिनींकडे किल्ली असते. खाण्याचे माप आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद फ्रिजवर लावलेला असतो, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्या दोन-तीनदा माझ्याबरोबर बसून माती चाळतात. कोकणात रेंज मिळाली, की फोनवर त्यांचा ‘आज तीन’ एवढाच निरोप येतो, आणि मग मी मोदकांची उकड काढायला घेते.