मेंदूत रक्तस्राव झाल्यावर सूज कशी सांभाळायची

दुसऱ्या दिवशी बोलणारा पेशंट चौथ्या दिवशी गुंगीत गेला, तर दरवेळी औषध चुकलेलं नसतं. सांडलेल्या रक्तातलं थ्रॉम्बिन काही तासांतच आजूबाजूच्या पेशींना इजा करू लागतं. पुढच्या दिवसांत तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमधलं लोह मेंदूत उतरतं. मेंदूच्या रक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, जाग्या होतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही धावून येतात. सूज पहिले दोन-तीन दिवस झपाट्याने वाढते, नंतर हळूहळू दहा-बारा दिवसांपर्यंत चढू शकते. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही, म्हणून आत दाब वाढतो.

पण गुठळीचा कचरा उचलणाऱ्याही याच पेशी असतात. म्हणून "सूज उतरायचं स्टिरॉइड द्या" असा आग्रह धरू नका. या सुजेवर त्याचा फायदा होत नाही, उलट साखर आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दाब उतरवायला मॅनिटॉल किंवा जादा क्षाराचं सलाइन देतात, तेही मोजून. तुमच्या हातात आहे ते एवढंच: डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर डोक्याकडची बाजू ३० अंश वर आणि मान सरळ. मान एका बाजूला कलली की शिरांतून रक्त नीट उतरत नाही. नवी गुंगी, उलटी, फिट, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, ताप, यांतलं काहीही दिसलं की त्याच क्षणी नर्सला बोलवा.

घरी आणल्यावर पहिला धोका ताटातून येतो. ताकद यावी म्हणून पांढरा रस्सा पाजायची आपल्याकडे फार घाई. पण गिळणं बिघडलेलं असेल तर पातळ पदार्थ श्वासाची वाट मिटायच्या आत खाली उतरतो, श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. ठसका लागेलच असंही नाही. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाणीसुद्धा नको. परवानगी मिळाल्यावर पेशंटला ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली ठेवा आणि घोटलेला वरणभात अर्धा-अर्धा चमचा चांगल्या बाजूच्या गालात द्या. घास गिळल्यावर आवाज ओला, घोगरा आला तर थांबा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम सपाट एक चहाचा चमचा. त्यातच खर्डा, लोणचं, पापडही आले.

दुसरा धोका मालिशचा. कोल्हापूर तालमींचं गाव, त्यामुळे लुळा हात-पाय रगडून घ्यायला वस्तादांना बोलावणं सहज सुचतं. कुस्तीगीराच्या भरलेल्या स्नायूला ती मालिश मानवते, इथे ती घातक ठरू शकते. पडून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी असू शकते आणि ती रगडल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या रोज टेपने मोजा. ३ सेंटिमीटर किंवा जास्त फरक, गरमपणा किंवा दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लुळ्या हाताला धरून कधीच ओढू नका, खांदा सांध्यातून उतरतो. उठवताना पाठीमागून खांद्याच्या फऱ्याला आधार द्या. दर दोन तासांनी कूस बदला आणि माकडहाड, टाचा तपासा. व्यायाम फिजिओथेरपिस्ट दाखवतील तसे, थोडे थोडे पण रोज. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. नंतरही होते, फक्त हळू.

बीपी सकाळ-संध्याकाळ मोजा: पाच मिनिटं शांत बसवून, चांगल्या दंडावर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. दोन्ही आकडे वहीत लिहा. घरी गेल्यावर लक्ष्य सहसा १३०/८० च्या खाली असतं. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करणं हे पुन्हा रक्तस्राव व्हायचं मोठं कारण आहे. मिसरी, तंबाखू, दारू बंदच. डोकं दुखलं तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉल द्या.

पुन्हा तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा अचानक असह्य डोकेदुखी उठली, तर १०८ ला फोन करा. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) असो वा खासगी दवाखाना, सीटी स्कॅन लगेच होईल तिथेच न्यायला सांगा. जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका, पाणी पाजू नका. पेशंट शेवटचा धड कधी होता ती वेळ लिहून घ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं, विशेषतः रक्त पातळ करणारी, सोबत न्या.