दुर्मिळ आडनावाचं मूळ शोधायचंय? आधी अर्थ नको, जागा शोधा

आडनाव वेगळं असलं की लहानपणापासून एक प्रश्न ऐकायची सवयच होते, "हे कुठलं हो आडनाव?" आणि खरं उत्तर आपल्यालाही माहीत नसतं. मग एक दिवस आपण शोधायला बसतो आणि बहुतेक जण करतात तेच करतो, म्हणजे आडनावाचा अर्थ शोधतो. मीही तेच केलं होतं. दोन महिने शब्दकोश चाळले, तीन वेगवेगळे अर्थ मिळाले, तिन्ही पटण्यासारखे, पण पुरावा एकाचाही नाही. म्हणून आधीच सांगते, अर्थ सगळ्यात शेवटी. आधी जागा शोधायची, म्हणजे हे आडनाव ज्यावर लिहिलंय असा सगळ्यात जुना कागद कुठला आहे ते. जागा कळली की तिथली भाषा कळते, तिथे कुठले धंदे चालायचे ते कळतं आणि मग अर्थाचा विचार करायला काहीतरी आधार मिळतो.

आणि आडनाव दुर्मिळ आहे म्हणून हिरमुसू नका, उलट ही मोठी सोय आहे. स्मिथ शोधणाऱ्याला एकेका यादीत शेकड्याने स्मिथ सापडतात आणि त्यातला आपला कोणता हे ठरवण्यातच आयुष्य जातं, तुमच्या यादीत चारच नावं निघाली तर ती चारही तुमचीच असायची शक्यता खूप जास्त.

दुर्मिळ का झालं याची कारणं मात्र वेगवेगळी असतात. काही आडनावं मुळातच एका घरापासून सुरू झालेली असतात. काही आधी पसरलेली होती पण पुढे मुलगे झाले नाहीत म्हणून शाखा बंद पडत गेल्या, १८७४ साली गॉल्टन आणि वॉटसन या दोन इंग्रज अभ्यासकांनी यावर गणितच मांडलं होतं की वंश वाढत असला तरी बरीच आडनावं नुसत्या योगायोगाने संपतात. आणि तिसरं कारण म्हणजे ते वेगळं आडनावच नसतं, एखाद्या नेहमीच्या आडनावाचं स्पेलिंग कुठल्यातरी कारकुनाच्या हातून बदललेलं असतं. हे तिसरं कारण आधी तपासा, बाकीचा खटाटोप वाचू शकतो.

सुरुवात घरातून करायची. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि "आपण मूळचे कुठले" असं थेट विचारू नका, कारण त्याचं पाठ झालेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी लग्नाला कुठून माणसं यायची, पत्रं कुठून यायची, कुणाशी बोलणं बंद होतं असं विचारा. जुन्या फोटोंच्या मागची बाजू बघा, पाकिटांवरचे पोस्टाचे शिक्के बघा. मिळेल ते लिहून घ्या पण लगेच खरं मानू नका. "आपण तीन भाऊ होतो, तिघं तीन दिशांना गेले" ही गोष्ट इतक्या घराण्यांमध्ये सांगतात की कागद मिळेपर्यंत ती गोष्टच समजायची.

मग एक पिढी, एक कागद असं मागे जायचं, उडी मारायची नाही. कुठल्यातरी जुन्या राजाच्या दरबारात आपलं आडनाव दिसलं आणि तिथून खाली यायला लागलं की हमखास चुकीच्या घरात शिरायला होतं. कागद वाचताना माहिती कुणी दिली हे बघायचं. मृत्यूच्या दाखल्यावर मरणाची तारीख बहुधा बरोबर असते पण जन्मगाव आणि आईबापांची नावं सांगणारा जावई किंवा शेजारी असू शकतो, त्याला काय माहीत. साक्षीदारांची नावं तर नक्की उतरवा. स्थलांतर करणारी माणसं सहसा एकटी जात नाहीत, साडू, मेव्हणा, शेजारी असे मागोमाग जातात, त्यामुळे तुमच्या माणसाचं मूळ गाव कागदावर नसेल तर साक्षीदाराचं शोधा, बऱ्याचदा तेच निघतं. बायकांची माहेरची आडनावंही तितकीच जपून ठेवा.

आता स्पेलिंग, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जुन्या काळी स्पेलिंग असं पक्कं नव्हतंच, माणूस नाव सांगायचा, कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा आणि माणसाला वाचता येत नसेल तर खाली फुलीची खूण. मी एका नोंदवहीच्या पानाचा फोटो मोठा करून बघत होते तर एकाच पानावर वडिलांचं आडनाव एक, मुलाचं दुसरं, आणि अक्षर एकाच माणसाचं. त्यात जुनी लिपी. इंग्रजी कागदांमध्ये 'एस' लांब काढायचे तो 'एफ'सारखा दिसतो, त्यामुळे रॉस हे नाव वाचणारा रॉफ्स असं वाचतो आणि इंडेक्समध्ये तेच चढतं. जुन्या जर्मन हस्ताक्षरात 'यू' आणि 'एन' इतके सारखे असतात की 'यू'च्या डोक्यावर एक छोटी कमान काढायचे, ती पुसली गेली की नाव बदललं. म्हणून एका कागदावर तुमच्या आडनावाची सगळी रूपं लिहून काढा, कानाला चुकतील अशी आणि डोळ्याला चुकतील अशी, आणि प्रत्येक रूप वेगळं शोधा.

बऱ्याच साइट्सवर सारखी ऐकू येणारी नावं एकत्र शोधायची साउंडेक्स नावाची सोय असते, रॉबर्ट रसेल या माणसाने १९१८ साली तिचं पेटंट घेतलं होतं. ती पहिलं अक्षर तसंच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा, म्हणून रॉबर्ट आणि रुपर्ट दोन्ही आर-१६३ होतात आणि एकत्र सापडतात. पण पहिलंच अक्षर बदललं असेल, 'सी'च्या जागी 'के' आलं असेल, तर ती काही कामाची नाही, तिथे हातानेच शोधावं लागतं.

जे सापडेल ते नकाशावर टाका, वर्षासकट. फॅमिलीसर्च ही जुन्या नोंदींची साइट फुकट आहे, आयर्लंडची १९०१ आणि १९११ ची जनगणना फुकट बघता येते, ब्रिटनच्या १८८१ च्या जनगणनेवरून आडनावांचे नकाशे तयार झालेत, फोरबेअर्ससारख्या साइटवर आज कुठल्या देशात किती जण आहेत त्याचा अंदाज मिळतो. पण आज जिथे सगळ्यात जास्त आहेत तेच मूळ ठिकाण असं नाही हं, तिथे फक्त एका शाखेला भरपूर पोरं झाली असतील. तुम्हाला हवा सगळ्यात जुना ठिपका, आणि त्याच्या आजूबाजूला दाटीने असलेले ठिपके. शोधून काहीच मिळालं नाही तेही लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच वही परत उघडाल.

समुद्रापार गेलेल्यांसाठी जहाजांच्या याद्या. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या केंद्रात जे १८९२ ते १९५४ चालू होतं, अधिकाऱ्यांनी नावं बदलली असं सगळे सांगतात, पण तिथे नवीन नाव लिहीतच नव्हते, निघायच्या बंदरावर बनलेली जहाजाची यादी समोर ठेवून तपासायचे. त्यामुळे बदल एकतर आधी झालेला असतो नाहीतर पुढे त्या माणसाने स्वतः केलेला असतो, तिथे शोधा. मॉरिशसला १८३४ पासून करारावर जे मजूर गेले त्यांच्या बाबतीत वेगळंच, पहिल्या माणसाचं नुसतं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं असं खूप घरांत आहे, तेव्हा तिथे आडनाव धरून मागे गेलं तर वाट तिथेच संपते आणि करारपत्रावरचं गाव धरावं लागतं.

आडनाव सुरू कधी झालं तेही बघून घ्या. तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने सगळ्यांना आडनाव घ्यावं लागलं, जपानमध्ये सामान्य लोकांना १८७५ मध्ये. फिलिपिन्समध्ये १८४९ ला स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने छापील यादीतून आडनावं वाटली, काही गावांत तर सगळ्यांची एकाच अक्षराने सुरू होणारी, तिथे आडनाव नात्याबद्दल काही सांगत नाही पण गाव मात्र सांगू शकतं.

कागद संपले की डीएनए. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच, आणि ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं की दुर्मिळ आडनावाच्या पुरुषांमध्ये ते बरंच जुळतं, स्मिथसारख्यांत नाही. म्हणून एकाची टेस्ट करून उपयोग नाही, लांबच्या दोन शाखांमधले दोन पुरुष हवेत. जुळलं नाही तर त्याचा अर्थ दत्तक, आजोळचं आडनाव लावणं, काहीही असू शकतो, त्यामुळे टेस्टच्या आधी दोघांशी मोकळेपणाने बोलून घ्या. आणि पैसे घेऊन "तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह" (कोट ऑफ आर्म्स) विकणाऱ्यांकडे जाऊ नका, इंग्लंडमध्ये अशी चिन्हं माणसाला दिली जायची, आडनावाला नाही.

शेवटचं काम म्हणजे तेच आडनाव लावणाऱ्या अनोळखी माणसांना लिहिणं. पत्र छोटं ठेवा, तुमचा सगळ्यात जुना माहीत असलेला पूर्वज, त्याचं साल, त्याचं ठिकाण, आणि एकच प्रश्न. अख्खी वंशावळ पाठवली की लोक बिचकतात. जिवंत माणसांच्या जन्मतारखा त्यात घालू नका. उत्तर यायला वर्षही लागतं, माझ्या एका पत्राला चौदा महिन्यांनी उत्तर आलं, आत एका जुन्या लग्नाच्या नोंदीचा फोटो होता आणि त्यावर आमचं आडनाव, मी कधीच न शोधलेल्या स्पेलिंगमध्ये.