कोरफडीचा चीक आणि आमचा कॉकाटेल

पिसं झडायच्या दिवसांत आमचा कॉकाटेल (पोपटाच्या जातीचा छोटा तुरेवाला पक्षी) सारखा मान खाजवायचा. कुंडीत कोरफड होतीच. पात कापली आणि तुकडा सालीसकट पिंजऱ्यात अडकवला. गडी खूश! संध्याकाळी खालच्या कागदावर नुसतं पाणीच पाणी.

पक्ष्यांच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "चीक काढला होता का?" सालीलगतच्या पिवळ्या, कडू चिकात अ‍ॅलोइन असतं, म्हणजे चक्क जुलाबाचं औषध. (काळा बोळ त्याचाच बनतो, आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं.) चार दिवस कोरफड बंद, तब्येत ताळ्यावर.

आता पात कापून उभी ठेवते, चीक निथळला की साल जाडसर सोलून गर धुते. नखाएवढाच तुकडा, तोही क्वचित. खाज मात्र साध्या कोमट पाण्याच्या फवाऱ्यानेच थांबली.