काटा नसेल तर ग्रॅम वाटीत कसे मोजावेत

बेबिंकाची, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड केकची, कृती ग्रॅममध्ये आहे आणि घरात वजनकाटा नाही, म्हणून अडून राहू नये. फक्त सगळ्या जिनसांना सारखे माप लावू नका. 100 ग्रॅम साखर अर्ध्या कपात मावते, तेवढ्याच मैद्याला पाऊण कपाहून जास्त जागा लागते आणि खवलेला नारळ तर कपाबाहेर जातो.

सुरुवात वाटीपासून करा. घरातल्या स्टीलच्या वाट्या 100 ते 250 मिलीपर्यंत कितीच्याही असतात. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडा आणि वाटीने मोजा. तीन वाट्या भरून वाटीचा तिसरा हिस्सा उरला, तर वाटी 150 मिलीची. चमचे मात्र मापाचेच घ्या, मोठा 15 मिली आणि लहान 5 मिली. जेवणातल्या चमच्यांचा भरवसा नाही.

240 मिलीच्या कपात साधारण मावते ते असे:

मैदा 120 ते 125 ग्रॅम
साखर 200
रवा 170
पातळ केलेले तूप 220
खवलेला ओला नारळ, सैल भरून 85
बारीक मीठ 290

नारळाचा पहिला दाट रस जवळपास पाण्याइतकाच भरतो, म्हणून तिथे ग्रॅम आणि मिली एकच धरले तरी चालते.

आता कृतीतल्या ग्रॅमना कपातल्या ग्रॅमनी भागा. बाथसाठी, म्हणजे रवा-नारळाच्या गोवन केकसाठी, 250 ग्रॅम रवा हवा असेल तर 250 भागिले 170, म्हणजे जेमतेम दीड कप. 150 मिलीच्या वाटीत रवा 170 गुणिले 150 भागिले 240, म्हणजे 106 ग्रॅमच्या आसपास मावतो, म्हणून दोन वाट्या आणि वर साडेतीन मोठे चमचे.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे न फोडलेले पाकीट. अर्धा किलो रव्याचे पाकीट उघडल्याबरोबर सगळा रवा वाटीने मोजून घ्या आणि 500 ला वाट्यांच्या संख्येने भागा. हा आकडा तुमच्या वाटीचा आणि तुमच्याच रव्याचा. बारीक आणि जाड रव्यात फरक पडतो, तो छापील तक्त्यात दिसत नाही. मैदा आणि साखरेचेही असेच करून आकडे फडताळाच्या दाराला आतून चिकटवा.

सर्वांत जास्त चूक मैद्यात होते. कप थेट डब्यात खुपसला की मैदा दाबला जातो आणि 120 च्या जागी 150 ग्रॅमपर्यंत येतो. मग बेबिंकाचे पीठ घट्ट होते आणि थर जाड, चिवट बसतात. मैदा आधी चमच्याने हलवून सैल करा, चमच्याचमच्याने कपात टाका, सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करा. कप आपटू नका. पावसाळ्यात मैदा दमट होऊन गोळे धरतो, तेव्हा चाळूनच मोजा.

तूप थिजलेले असेल तर मध्ये हवा राहते, म्हणून पातळ करून मोजा. मिठागरातले खडे मीठ चमच्यात पोकळ बसते. बारीक मिठाचा लहान चमचा 6 ग्रॅमचा, खड्यांचा त्याहून कमी. कुटून घेतले की प्रश्न मिटतो. सान्नांचे (गोव्याच्या इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाचे) उकडे तांदूळ भिजवण्याआधी मोजावेत, भिजल्यावर ते फुगतात.

दोदोल या नारळरस-गुळाच्या गोवन मिठाईला लागणाऱ्या माडाच्या गुळाला वाटी लावूच नये. तो चिकट, कधी मऊ कधी टणक, कितीही दाबला तरी दोनदा सारखा भरत नाही. एक किलोची ढेप सुरीने चार सारख्या भागांत कापली की प्रत्येक भाग 250 ग्रॅमच्या जवळ येतो, आणि तेवढे पुरे. अंड्याच्या बलकाचे वजन दिले असेल तर 18 ग्रॅमला एक बलक धरा: 180 ग्रॅम म्हणजे दहा.

यीस्ट, बेकिंग पावडर अशा चिमूटभर जिनसा चमच्यानेच मोजा. लहान चमचाभर इन्स्टंट यीस्ट 3 ग्रॅम, बेकिंग पावडर 4 ग्रॅम. नाताळच्या कुस्वाराला, म्हणजे सणाच्या फराळाला, किलोकिलोने मैदा लागत असेल तर मात्र काटा आणा. दहा टक्के चूक एका किलोत 100 ग्रॅमची होते.