जनगणनेतून आपल्या गावाचा आकडा काढताना

ग्रामपंचायतीचा आराखडा असो की शाळेचा प्रस्ताव, 'जनगणनेनुसार लोकसंख्या' हा रकाना भरावाच लागतो. आकडा मिळणं सोपं आहे. तो आपल्याच गावाचा आहे ना आणि नेमकं काय सांगतो, इथे घोटाळे होतात. खाली २०११ची जनगणना धरली आहे.

जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून दोन गोष्टी उतरवून घ्या: जिल्ह्याचा 'प्राथमिक जनगणना गोषवारा' (एक्सेल फाइल) आणि जिल्हा जनगणना पुस्तिका. गोषवाऱ्यात माणसं मोजलेली असतात. शाळा, पाणी, रस्ता, दवाखाना यांची माहिती पुस्तिकेतल्या गावनिर्देशिकेत मिळते. नमुना पाहण्यांमध्ये गाव शोधू नका. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची श्रमबळ पाहणी निवडक घरांवर चालते, तिच्यातून एकेका गावाचा आकडा निघत नाही.

जिल्हा तेव्हाचा घ्या. २०११मध्ये महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, म्हणून जव्हार-मोखाड्याची गावं ठाण्याच्या फायलीत आहेत. राज्याचा संकेतांक २७, गोव्याचा ३०. गावाला सहा अंकी संकेतांक असतो. तो एकदा सापडला की वहीत लिहून ठेवा आणि पुढे नावाऐवजी त्यानेच शोधा. वडगाव, पिंपळगाव एकाच तालुक्यात दोन-तीन निघतात, आणि बुद्रुक-खुर्द इंग्रजीत नुसते 'बीके', 'केएच' असे उरतात.

जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. गट ग्रामपंचायतीत तीन गावं असतील तर तीन ओळी शोधून बेरीज करावी लागते. वाडी-तांड्याची वेगळी ओळ नसते, ती माणसं मूळ गावात धरलेली असतात. बेचिराग, म्हणजे वस्ती न उरलेल्या, गावापुढे शून्य दिसतं; ती चूक नव्हे. गाव सापडतच नसेल तर शहरांच्या यादीत पाहा. किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, असं गाव ग्रामपंचायत असूनही 'जनगणना शहर' ठरतं.

एकाच फायलीत जिल्हा, तालुका, गाव अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी असतात. 'लेव्हल' रकान्यात 'व्हिलेज' निवडल्याशिवाय बेरीज मारली तर तेच लोक पुन्हा पुन्हा मोजले जातात. मथळे तोडके आहेत: 'टॉट_पी' म्हणजे एकूण व्यक्ती, 'पी_०६' म्हणजे ० ते ६ वर्षांची मुलं, 'पी_लिट' म्हणजे साक्षर.

साक्षरतेचा दर काढताना मुलं वगळा. समजा, गावाची लोकसंख्या १,८४०, त्यात ० ते ६ वयाची २३० मुलं आणि साक्षर १,२८८. सरळ भागलं तर ७० टक्के येतात. पण दर सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकांवर काढायचा असतो: १,२८८ भागिले १,६१० म्हणजे ८० टक्के. दहा टक्क्यांचा हा फरक अनेक अहवालांत तसाच छापून जातो.

याच गावात ० ते ६ वयाचे मुलगे १२५ आणि मुली १०५ असतील तर बाल लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे मुली, ८४०. आणखी फक्त पाच मुली असत्या तर ते ८८० झालं असतं. एका गावाच्या गुणोत्तरावरून ठपका ठेवू नये, तालुक्याचं पाहावं.

कामाचे रकाने सर्वांत निसरडे. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर 'मुख्य', त्याहून कमी तर 'सीमांतिक'. बिनपगारी घरच्या शेतात राबणं, घरापुरतं धान्य पिकवणं, घरच्या दुधासाठी म्हैस सांभाळणं हेही व्याख्येप्रमाणे कामच. पण प्रगणक दारात विचारतो, "काम काय करता?" आणि उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते." पुढचा प्रश्न विचारला नाही की बाई 'काम न करणारी' होते. त्यामुळे स्त्रियांचे हे आकडे कमीत कमी समजून वापरा.

ऊसतोडीच्या पट्ट्यात आणखी एक मेख आहे. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ अशी चालली; २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतानाची मध्यरात्र हा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरतात तो. या वीस दिवसांत जो एकदाही घरी नव्हता, त्याची नोंद तो असेल तिथे करायची, असा नियम. फेब्रुवारीत हंगाम चालू असतो, म्हणजे बीडकडच्या गावातली कोयत्यावर (ऊस तोडायला) गेलेली कुटुंबं, मुलांसकट, त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडल्या त्या गावच्या आकड्यात. मूळ गावाची शाळा किंवा पाणीयोजना ठरवताना तिथली मतदारयादी आणि शाळेचा पट शेजारी ठेवून पडताळा घ्या.

राज्याचे आकडे घेताना ते अंतिम आहेत ना, तेही बघा. महाराष्ट्राचं बाल लिंग गुणोत्तर आधी जाहीर झालेल्या तात्पुरत्या आकड्यांत ८८३ होतं, अंतिम आकड्यांत ८९४. जुन्या लेखांत अजून ८८३च सापडतं.

एखाद्या कुटुंबाची नोंद मात्र मागायला जाऊ नका. १९४८च्या जनगणना कायद्याचं कलम १५ ती कोणालाही पाहू देत नाही, आणि रहिवासाचा पुरावा म्हणूनही ती चालत नाही.