झाडं, झुडपं आणि गवतं एकत्र लावताना या चुका टाळा

नर्सरीत नजर आधी फुलांवर जाते आणि पहिली गफलत तिथेच होते. फुलं थोडे दिवस टिकतात, पानं मात्र वर्षाचा बहुतेक काळ समोर असतात. मागे बारीक पानांचा गुलमोहर, त्याच्यापुढे ड्युरांटाचं झुडूप, कडेला बारीक पात्यांचं गवत. यातलं एकेक रोप देखणं असतं, पण दुरून पाहिलं की सगळं एकमेकांत मिसळून जातं. मोबाइलवर बागेचा कृष्णधवल फोटो काढून बघा. रंग गेल्यावरही झाडं वेगवेगळी ओळखू आली तर पोत, म्हणजे पानांच्या आकार-ठेवणीतला फरक, जमला. नाहीतर मध्ये चाफा किंवा क्रोटनसारखं रुंद पानाचं काहीतरी हवं.

क्रोटन, अकॅलिफा अशा रंगीत पानांच्या झुडपांचा रंग उतरला की लोक खत घालतात. बहुतेक वेळा कमी पडतं ते ऊन. सावलीत पानातलं हिरवं वरचढ होतं आणि खताने हिरवी पालवीच जास्त फुटते. अशा वेळी जागा बदला. व्हेरिगेटेड, म्हणजे दुरंगी पानांच्या, झुडपाला पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती लगेच बुडापासून कापा. तिच्यात हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढते आणि हळूहळू सगळं झुडूप हिरवं होतं.

कात्री हाती आली की प्रत्येक झुडूप गोल कापायचं, ही सवय तर पोताच्या मुळावरच येते. कुंपण सोडलं तर निवडक फांद्या आतून काढणं केव्हाही बरं.

पेनिसेटमसारखी गवतं आडवी पडतात ती सावलीमुळे किंवा जास्त नत्रामुळे. त्यांना बांधून ठेवण्यापेक्षा खत थांबवा. ठोंब मधून वाळून पोकळ झाला असेल तर तो जुना झालाय. उपटून फोडा आणि कडेचे ताजे तुकडे लावा. सकाळचं किंवा संध्याकाळचं ऊन मागून येईल अशा जागी लावलं तर तुरे उजळून निघतात. दुपारच्या उन्हात ती मजा नाही.

झाड आणि झुडूप यांतलं अंतर ठरवताना पूर्ण वाढल्यावरचा घेर धरा. तोवर रिकामी दिसणारी जागा हंगामी फुलांनी भरता येते. कोवळ्या झाडाच्या बुंध्याभोवती निदान अर्धा मीटर गवत नको, मुळांचं पाणी तेच पळवतं. पालापाचोळ्याचं आच्छादनही बुंध्याला चिकटवू नका, साल कुजते.

शेवटचं, पेनिसेटमच्या काही जाती बियांनी भराभर पसरतात. शेजारी मोकळं रान असेल तर बी धरण्याआधीच तुरे कापा.